बूमा, बेचाळीस, काळा

शहापूर
७ सप्टेंबर २०२५

भुपेंद्रदादा,

हे कागदावर लिहून फोटो काढून पाठवून राहिली, म्हणून हसू नको. खोलीवरून फोन केला तर रूममेट ऐकते, अन् घरून केला का मोठीमाय स्पीकर लावते अन् "माझा पोरगा दुबईहून बोलून राहिला" म्हणून अख्खा मोहल्ला गोळा करते. तुझी माय आहे, तुले माहीतच आहे. मले जे विचारायचं आहे ते मोहल्ल्यासमोर विचारण्यासारखं नाही.

एक तारखेपासून मी कामावर लागली. शहापूरले हायवेवर बुटांचं मोठं शोरूम झालं आहे, एसीवालं, तिथं. मी अन् रीना नावाची भंडाऱ्याची पोरगी, आम्ही दोघी एका खोलीत राहतो. तीन महिने ट्रायल आहे, मग पक्कं. बाबा काय म्हणाले ते ऐक. "पक्की झाली तर लग्नाचं दोन वर्षं नाव काढत नाही. नाही झाली तर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले पाहुणे बोलावतो, मग मुकाट्यानं चहाचा ट्रे घेऊन येजो." माझ्या बापानं, म्हणजे तुझ्या कवडूकाकानं, आजवर दिलेला शब्द मोडला नाही. चांगलाही नाही अन् वाईटही नाही. म्हणून माझ्यासाठी हे तीन महिने म्हणजे सगळंच आहे.

आता अडचण. पुण्याहून एक ट्रेनर मॅडम आली आहे. तिनं सगळ्यायले एकेक कार्ड दिलं. कंपन्यांची नावं कशी म्हणायची ते त्यावर लिहिलेलं. आपण दिघोरीले जिंदगीभर 'नाईके' म्हटलं, ते म्हणे 'नायकी' आहे. 'आदिदास' म्हटलं तर मॅडमनं कानावर हात ठेवले. म्हणे 'अडीडस'. पाच दिवसांत माझं नाव चुकांच्या फळ्यावर चार वेळा लागलं. रीनाचं एकदाही नाही. ती कॉन्व्हेंटची आहे. रात्री मी कार्ड घेऊन पाठ करत बसते अन् ती मच्छरदाणीत खी खी करते.

तू दोन वर्षांपासून दुबईच्या मॉलमध्ये बुटांच्याच दुकानात मोठ्या पोस्टवर आहे. तिथं तर जगातले लोक येत असतीन. सांग बरं, खरं कोणतं? एकदा पक्कं समजलं का मी या मॅडमच्या कार्डाले पुरून उरते का नाही ते पाह्यजो.

तुझी,
राखी

---

दुबई
९ सप्टेंबर

राखे,

अवो, तू कोणाच्या कार्डाले भिऊन राहिली? पुण्याच्या मॅडमनं दुनिया पाहिली का?

ऐक. इथं जर्मनीचा माणूस येते तो 'आदीदास' म्हणते, आपल्या दिघोरीसारखंच. कंपनी त्यायचीच आहे, मग चूक कोण? अमेरिकेचा आला का 'अडीडस'. 'नायकी' त्याचंच. इंग्लंडचा सरळ 'नाइक' म्हणून मोकळा होते. रशियावाला पण 'नाइक'. अन् अरबांची मजा पाह्य, त्यायच्या भाषेत 'प' नाही. पूमा नाही, 'बूमा'. पेप्सी नाही, 'बेबसी'. बेबसी पितात अन् बूमा घालून फिरतात, कोणी हसत नाही, कोणाचं नाव फळ्यावर लागत नाही.

खरं-खोटं काही नसते, राखे. आमच्याकडं एकच कायदा. मले पहिल्या दिवशी शिकवला, अन् चुकला तर सुपरवायझर सोडत नाही. समोरचा जे नाव जसं म्हणन, तसंच्या तसं त्याले परत म्हणायचं. तो 'बूमा' म्हणन तर आपणही 'बूमा'. आपली हुशारी लावायची नाही. मग समोरच्याले समजते का यानं आपलं बरोबर ऐकलं, अन् काम फटाफट होते.

तू पण तसंच कर. कार्ड मॅडमसमोर म्हणायचं, गिऱ्हाइकासमोर हा कायदा. पाहजो तीन महिन्यांत तुले काउंटरची मुख्य करतीन.

मोठ्या पोस्टवर वगैरे कोणी म्हटलं तर तू काही बोलू नको. आईले बोलायची सवय आहे.

भुपेंद्र

---

शहापूर
२८ सप्टेंबर

दादा,

तुझ्या तोंडात साखर पडो! काय कायदा सांगितला रे बाप्पा!

नागपूरची एक बाई आली, कारमधून, डोळ्यावर चष्मा. म्हणे, "नायकी में क्या है?" मी म्हटलं, "नायकी में ये देखिए मॅडम." तीन जोड घेऊन गेली. तिच्या मागंच मोहाडीकडचे एक म्हातारे बाबाजी. नातवासाठी 'नाईके'च पाहिजे म्हणे. रीनानं त्यायले दोनदा सुधरवलं, "बाबा, नायकी, नायकी." बाबाजी उठून चालले होते. मी गेली अन् म्हटलं, "बाबाजी, नाईके कोणत्या रंगाचा दाखवू?" ते असे खुलले म्हणून सांगू! जाता जाता म्हणाले, "तू आपल्यातली दिसते." रीनाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

या महिन्यात सगळ्यात जास्त जोड मी विकले. शेठजीनं सगळ्यायसमोर विचारलं, "राखी, तुले कोणी शिकवलं?" मी मान वर करून म्हटलं, "माझा चुलतभाऊ दुबईले बुटांच्या शोरूममध्ये आहे, तिकडं हेच शिकवतात." शेठजी मॅडमले म्हणे, "कार्ड राहू द्या थोडं बाजूले." तू पाह्यले पाहिजे होतं.

बाबायले फोनवर सांगितलं. पवनीकडचे कोणी जागेश्वर म्हणून आहेत, त्यायच्या पोराचं, विक्कीचं, बाबायनं मनात धरलं आहे. मंडईले बोलावतो म्हणत होते. आता ते पाहुणे चहा न पिताच जातीन. तुले मी पहिल्या पगारातून काय पाठवू, सांग. तुझ्याकडं सगळंच भेटते म्हणा.

राखी

---

दुबई
१ ऑक्टोबर

राखी,

चांगलं झालं. पण शेठजीपुढं माझं नाव घ्यायची काय गरज होती? तुझी मेहनत आहे, तुझंच नाव राहू दे.

काही पाठवू नको. ड्युटी लय आहे. जमन तसं लिहीन.

भुपेंद्र

---

शहापूर
१३ ऑक्टोबर

दादा,

मले कामावरून काढलं.

काल रविवार, दिवाळीची गर्दी. एक माणूस आला, तिसेक वर्षांचा, नवी कोरी गाडी, संगं बायको, साळी, सासू. शेठजीच्या उठण्याबसण्यातला. सासुरवाडीची मंडळी नागपूरची असावी, बायको इंग्रजीत बोलत होती. तो आपल्याच भागातला, हे मले त्याच्या बसण्यावरूनच समजलं. तो कार्डावरची नावं वाचल्यासारखा थांबून थांबून म्हणे, "ते... अड्डीडास दाखवा." मी कायद्यानं म्हटलं, "अड्डीडासमध्ये कोणता नंबर, भाऊ?" साळी हसली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणे, "राहू द्या, पम्मा दाखवा." मी म्हटलं, "पम्मा काळ्यात दाखवू का?"

मग त्याची बायको पण हसली, अन् सासू पण.

तो उठला अन् डब्बा माझ्या पायाजवळ फेकला. "माही नक्कल करते का? तुले काय वाटलं, मले नाव घेता येत नाही?" मी म्हटलं, "नाही भाऊ, दुबईले असंच म्हणतात." "मग दुबईलेच जाय!" पूर्ण दुकान पाहत होतं. शेठजी धावत आले. मले सगळ्यायसमोर माफी मागायले लावली. मी मागितली. तीन वेळा मागितली, कारण पहिल्या दोन वेळा त्याले ऐकू आली नाही म्हणे.

दादा, तो माणूस वाईट नव्हता. त्याले सासुरवाडीसमोर नाव घ्यायची आधीच शरम होती अन् मी ती शरम उचलून दोनदा त्याच्याच तोंडासमोर धरली. आपल्याकडं कोणी आपला शब्द आपल्यासारखाच परत म्हटला का तो चिडवून राहिला, हे शेंबड्या पोरालेही समजते. चौथीत गुरुजी माझं बोलणं तसंच परत म्हणत अन् वर्ग हसे. मी घरी येऊन रडत होती, तूच माझी समजूत काढली होती. म्हाताऱ्या बाबाजीले शरम नव्हती म्हणून तो खुलला. याले होती. मले हे समजायले पाहिजे होतं. नाही समजलं, कारण तू म्हटलं होतं.

आता एक रस्ता आहे. शेठजी संध्याकाळी जरा थंड झाले. म्हणे, "मुद्दाम केलं नाही, दुबईले खरंच असं शिकवतात, हे तुझ्या भावाच्या दुकानाच्या कागदावर लिहून आण. मी त्या माणसाले दाखवतो, त्याचं समाधान करतो अन् तुले परत घेतो. महिनाअखेरपर्यंत जागा भरत नाही."

तुझ्या मॅनेजरचा चार ओळींचा कागद. इंग्रजीत असला तरी चालते. तूच मोठा आहे तिथं, तर तूच लिहून सही कर. घरी अजून सांगितलं नाही. लवकर पाठव दादा.

राखी

---

शहापूर
२४ ऑक्टोबर

दादा,

तू माझं पत्र पाहिलं आहे, मले फोनवर दिसते. दिवाळी झाली, भाऊबीज झाली. मोठीमायले तू भाऊबीजेचा फोन केला, मी लावला तर लाइन कटली.

मी अजून खोलीवरच आहे. घरी सांगितलं, गर्दीमुळं सुट्टी नाही. रीना सकाळी कामावर जाते अन् मी खिडकीतून हायवेवरचे ट्रक मोजते. सात दिवस राहिले. चार ओळी लिहायले किती वेळ लागते?

राखी

---

दुबई
२७ ऑक्टोबर

राखी,

मॅनेजर सुट्टीवर आहे. कंपनीचा कागद असा कोणालेही देत नाहीत, इथले कायदे कडक आहेत. प्रयत्न करून राहिलो. तू शेठजीले सांग, दहा-पंधरा दिवस थांबा म्हणून.

नाही जमलं तरी नोकऱ्या काय कमी आहेत? तू हुशार आहे.

भुपेंद्र

---

दिघोरी
२ नोव्हेंबर

दादा,

शेठजी थांबले नाहीत. काल माझ्या जागी लाखनीची एक पोरगी उभी होती. खोली सोडून मी घरी आली. बाबायनं लगेच जागेश्वररायले फोन लावला. आपल्या गावची मंडई पंधरा तारखेले आहे.

मले आता कागद नको. फक्त एवढं सांग, तू काहून पाठवला नाही? तुले चार ओळी जड झाल्या का मी जड झाली? मी सध्या धान कापायले जाते, संध्याकाळी फोन पाहते. उत्तर दे, नाही तर यानंतर मले बहीण म्हणू नको.

राखी

---

दुबई
५ नोव्हेंबर

राखी,

वाचून झालं का हा फोटो डिलीट करजो. तुले बुद्धाची नाही, देवाची नाही, माझ्या आईची शपथ आहे.

मी मॅनेजर नाही. मी सेल्समध्ये पण नाही. दुकानाच्या खाली, दोन मजले जमिनीत, गोदाम आहे. मी तिथं आहे. दोन वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नाही.

वरचे लोक वॉकीटॉकीवर खाली ओरडतात. "बूमा, बेचाळीस, काळा." ओरडणारा इजिप्तचा. मग फिलिपिन्सची पोरगी, मग नेपाळी, मग एक रशियाची बाई, सगळे आपापल्या तोंडानं. मी ते जसंच्या तसं वॉकीटॉकीवर परत म्हणतो, म्हणजे वरच्याले कळते का खालच्यानं बरोबर ऐकलं. मग डब्बा काढून लिफ्टमध्ये टाकतो. मी 'पूमा' म्हटलं तर तो वरून परत विचारते, टाइम जाते, सुपरवायझर शिव्या देते. तुले सांगितला तो कायदा हा. तो गिऱ्हाइकाचा कायदा नाहीच. डब्बे काढणाऱ्यायचा आहे.

जर्मनीवाला कसा म्हणते, अमेरिकेवाला कसा म्हणते, हे सगळं मी त्या वॉकीटॉकीतून ऐकलेलं. आईले पाठवलेला माझा कोटातला फोटो पाहिला ना, तो वरच्या पोराचा कोट आहे, जेवायच्या सुट्टीत पाच मिनिटं मागून घेतला होता.

मी आईले पहिल्या फोनमध्ये फक्त म्हटलं, "दुकानात लागलो." तिनं बाबायले म्हटलं, "शोरूम." ताराचंदचा पोरगा मोठा माणूस झाला म्हणून गावानं बाबायले मंडईत पुढं बसवलं. मी नाही म्हटलं नाही, एवढंच केलं. अन् तू विचारलं तेव्हा मले वाटलं, एक जण तरी मले काही विचारून राहिलं. मले ते लय चांगलं वाटलं, राखे. तिथंच मी चुकलो.

तुझ्या कागदासाठी मी सुपरवायझरकडं गेलो होतो. तो म्हणे, "तू कोण बे लेटर मागणारा?" अन् हसला. तिथल्या सगळ्यायले सांगितलं. आता ते मले 'मॅनेजर' म्हणूनच हाक मारतात.

तुझं नुकसान मी भरून देऊ शकत नाही. पण आईले हे समजलं तर ती घराबाहेर पडणार नाही. एवढं सांभाळ. पाया पडतो तुझ्या.

भुपेंद्र

---

दिघोरी
१८ नोव्हेंबर

दादा,

मी फोटो डिलीट केला नाही. मी तो वाचून दाखवला. तू हे माझ्याकडूनच ऐक.

मंडईच्या दिवशी जागेश्वरराव, विक्की अन् त्यायचे चार जण आले. तुझ्याच घरी बसवले, तुमची ओसरी मोठी म्हणून. मी चहा घेऊन गेली तर माझ्याबद्दल कोणी काही विचारूनच नाही राहिलं. सगळी गोष्ट तुझी चालली. बाबा म्हणत होते, "पोरीचा भाऊ दुबईले मॅनेजर, आम्ही काही असेतसे नाही." मोठीमाय तुझा कोटातला फोटो हातोहात फिरवून राहिली होती. माझं मन म्हणे, हे लोक माझ्यासाठी आलेच नाहीत, दादाच्या कोटासाठी आले. कोट उतरवला का उठून जातीन.

मी खोटं सांगत नाही. मी रागातही होती. तुझ्या खोट्या फोकनाड्यापायी माझी नोकरी गेली अन् त्याच फोकनाड्यावर माझं लग्न जुळून राहिलं होतं. मी फोन काढला अन् उभ्यानं पूर्ण पत्र वाचलं. गोदाम, वॉकीटॉकी, मागितलेला कोट, 'तू कोण बे', सगळं. आईची शपथ घातली तेवढी ओळ फक्त वाचली नाही.

बाहेर मंडईतल्या दंडारीच्या नाचाची ढोलकी वाजत होती. माझी माय देवकाबाई, जी कधी माझ्यावर हात उचलत नाही, तिनं माझा दंड असा आवळला का अजून निळा आहे. मी जागेश्वररायकडं पाहत होती. आता उठतात, आता उठतात.

ते हसले, दादा. मिशीवरचा चहा पुसला अन् म्हणाले, "गोदामात आहे का? अरे, मग तर चांगलंच आहे! गोदामातल्या माणसाले माल स्वस्त भेटते. आमच्या विक्कीले नऊ नंबर लागते बरं." सगळे हसले. विक्की हसला. बाबा तर सगळ्यात मोठ्यानं हसले, त्यायच्या जिवात जीव आला होता. मग पेढ्याचा डब्बा उघडला. लग्न फेब्रुवारीत आहे.

तू दोन वर्षं जे लपवलं, त्याची कोणाले पडलेलीच नव्हती. तू मले खरं सप्टेंबरमध्ये सांगितलं असतं तर मी आज काउंटरवर उभी असती. अन् मी तुझं भांडं फोडलं ते स्वतःले वाचवायसाठी, तेही काही कामी आलं नाही. तुले राग आला असन तर येऊ दे. मलेही आहे. दोघायचा राग घेऊन आपण कुठं जाणार, मले माहीत नाही.

मोठेबाबा, म्हणजे तुझे बाबा, बोलत नाहीत, पण ते आधीपण बोलत नव्हते. मोठीमाय तेव्हाच उठून आत गेली होती. दोन दिवस तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मले वाटलं, आता हिनं जन्मभराचं बोलणं टाकलं. आज दुपारी मी शेतातल्या बांधीत धानाचे भारे बांधून राहिली होती तर ती मेरेच्या बांधावरून चालत आली. मी शिव्या खायले तयार होती. तिनं शिव्या दिल्या नाहीत. गावात नाक कापलं असंही म्हटलं नाही. तिनं मले एकच विचारलं, "तो दोन मजले खाली आहे म्हणते, तिथं खिडकी आहे का वो?"

मले माहीत नव्हतं. मी हे बांधीतच बसून लिहून राहिली, ती अजून मेरेवरच बसली आहे. तू तिले फोन कर.

राखी